पात्र नजर कुठून वळवतं? सायकॉलॉजिकल हॉरर कादंबरी लिहिण्याची रीत

सायकॉलॉजिकल हॉरर, म्हणजे मनातून उपजणाऱ्या भीतीची गोष्ट, लिहायला बसलेली बरीच मंडळी आधी घर ठरवतात, मग त्या घरात काय दिसणार ते ठरवतात आणि ज्या माणसाला ते दिसणार त्याच्याकडे सगळ्यात शेवटी वळतात. साठ-सत्तर पानांनंतर अशी कादंबरी अडते. सावल्या हलून झालेल्या असतात, दारं वाजून झालेली असतात, आणि पुढे काय, तर आणखी मोठी सावली, आणखी जोरात वाजणारं दार. हा क्रम उलटा करा. या प्रकारात भीतीचा झरा एकाच ठिकाणी असतो: पात्राला एक गोष्ट ठाऊक असते आणि ती ठाऊक आहे हे त्याला स्वतःशी कबूल करायचं नसतं. निवेदन, प्रतिमा, जागा, वाक्यांची चाल, सगळी तंत्रं त्या एका नकाराच्या कामाला लावायची.

अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकार लेखिकेने एका निबंधात भीतीचे दोन प्रकार वेगळे केले होते. तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १८२६ साली छापला गेला. एका भीतीने मन विस्तारतं, इंद्रियं जागी होतात. दुसरीने ते आक्रसतं, थिजतं. पहिलीला अनिश्चितता लागते, दुसरीला समोर आणून ठेवलेलं दृश्य. दुसरी एका पानापुरती टिकते. तीनशे पानं पेलायची तर पहिलीच हवी, आणि अनिश्चितता बाहेरच्या अंधारापेक्षा पात्राच्या आत जास्त काळ तग धरते.

आधी पाच ओळी

पात्राचा आवडता रंग, शिक्षण, उंची यांचे तक्ते बाजूला ठेवा. पाच ओळी लिहा. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: अनघा, वय ३८, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा केलेली. वडील, म्हणजे अप्पा, जाऊन दोन महिने झालेत आणि ती घर रिकामं करते आहे.

१. प्रत्यक्षात काय घडलं: रात्री २:४० ला अप्पांनी चमचा वाजवून तिला बोलावलं. अनघा जागी होती. तिने अकरा टकटकी मोजल्या आणि ती उठली नाही.

२. ती स्वतःला काय सांगते: त्या रात्री गाढ झोप लागली, अप्पा झोपेतच गेले.

३. ही समजूत टिकवायला ती रोज काय करते: रिकाम्या कॉटशेजारी पाण्याचा पेला भरून ठेवते आणि त्यावर बशी झाकते.

४. तिला साधं, व्यवहारातलं काय हवंय: महिनाअखेरीस घराचा ताबा द्यायचा आहे, त्याआधी सगळं सामान आवरायचंय.

५. ती निघून का जात नाही: अप्पांच्या औषधपाण्याची वही सापडलेली नाही आणि ती मिळाल्याशिवाय अनघाला घर सोडवत नाही.

पहिल्या ओळीत वेळ आणि संख्या हवीच. "लहानपणीचा आघात" किंवा "अपराधीपणाची भावना" अशी ओळ लिहिलीत तर पुढे प्रसंग सुचणार नाहीत, कारण अशा शब्दांना ना आवाज ना वास. अकरा टकटकींना आवाज आहे. गुन्हाही छोटाच असावा. खून केलेल्या माणसाकडे वाचक लांबून बघतो. थकून एक रात्र न उठलेल्या मुलीच्या जागी मात्र तो स्वतःला सहज ठेवतो, आणि तिथेच तो अडकतो.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. नकार म्हणजे नुसता विचार नव्हे, त्याला रोज काहीतरी करावं लागतं: कुलूप दोनदा तपासणं, एका खोलीत न जाणं, कुणाचं नाव न घेणं. ही कृती सापडली की प्रतिमा, दिनक्रम आणि शेवट या तिन्हींचं बियाणं हाती येतं.

चौथी ओळ नसेल तर पात्र नुसतं भोगत बसतं. घाबरलेलं पण काहीच न करणारं पात्र पन्नासाव्या पानापर्यंत कंटाळवाणं होतं. सामान आवरायचं आहे म्हणून अनघा प्रत्येक खण उघडणार, आणि खण उघडण्याचं कारण तिचं स्वतःचं असणार.

एक सांगायलाच हवं. मानसिक आजाराचं निदान हे रहस्याचं उत्तर म्हणून वापरू नका. "शेवटी कळतं की तिला अमुक आजार होता" हे वाचकाला फसवणारंही आहे आणि अन्यायाचंही. मानसिक आजार असलेल्या माणसांनी हिंसा करण्यापेक्षा ती हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. आजार दाखवायचाच असेल तर तो पहिल्या पानापासून पात्राच्या आयुष्याचा भाग असू द्या, औषधांच्या वेळांसकट.

नकार क्रियापदात लपतो

अविश्वसनीय निवेदक, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक, ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. लेखक तिचा अर्थ बहुधा "खोटं बोलणारा निवेदक" एवढाच घेतात. असे निवेदक तीन प्रकारचे मिळतात: खोटं बोलणारा, माहीत नसलेला, आणि बघायला तयार नसलेला. आपल्या कामाचा तिसरा. तो खोटं बोलत नाही, तो नजर वळवतो. आणि नजर वळवणं मराठीत अतिशय बारकाईने दाखवता येतं. हे हत्यार हाताशी असून फार कमी वापरलं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

ही तीन वाक्यं पाहा: "मी पेला फोडला." "माझ्या हातून पेला फुटला." "पेला फुटला." घटना एकच, पण कर्ता पायरी पायरीने खोलीबाहेर गेला. तसंच "मी उठले नाही", "मला उठवेना", "उठणं झालं नाही". किंवा "मी ऐकत होते", "मला ऐकू येत होतं", "आवाज येत होता". पहिल्या खर्ड्यानंतर त्या रात्रीबद्दलची सगळी क्रियापदं एका कागदावर उतरवून काढा. पहिल्या तृतीयांशात फक्त कर्ता नसलेली रूपं ठेवा: झोप लागली, सकाळ झाली, राहून गेलं. मधल्या भागात "माझ्या हातून", "मला उठवेना" येऊ द्या. आणि "मी उठले नाही" हे साधं तीन शब्दांचं वाक्य संबंध कादंबरीत एकदाच, शेवटाजवळ. ते आधी चुकूनही कुठे आलेलं नाही ना, हे संगणकावर शोधून तपासा. व्याकरण शिकलेला-न शिकलेला प्रत्येक वाचक हा बदल कानाने टिपतो.

आता "आम्ही" आणि "आपण". "आम्ही" ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, "आपण" त्याला आत घेतं. एकटी राहणारी अनघा दुसऱ्या प्रकरणात सहज लिहून जाते, "आम्ही रात्री लवकर जेवतो." जुनी सवय म्हणून वाचक सोडून देतो. बाराव्या प्रकरणात ती लिहिते, "दिवा मालवला. आता आपण झोपू या." इथे खोलीत कुणीतरी आहे, आणि तो वाचकही असू शकतो. त्यावर एक शब्दही समजावून लिहू नका.

सगळ्यात धारदार गोष्ट "ते" या सर्वनामात आहे. वडिलांसाठी आदरार्थी "ते" आणि वस्तूसाठी नपुंसकलिंगी "ते" दिसायला एकच. फरक कळतो तो क्रियापदावरून. "ते कॉटवर बसले होते" यात अप्पा आहेत. "ते कॉटवर बसलं होतं" यात अप्पा नाहीत. मात्रा जाऊन अनुस्वार आला की माणसाचं काहीतरी वेगळंच होतं. हे संबंध कादंबरीत एकदाच करा आणि एकाच क्रियापदावर सोडू नका, नाहीतर वाचक मुद्रणदोष समजेल आणि मुद्रितशोधक तो दुरुस्तही करून टाकेल. सलग दोन क्रियापदं द्या: "ते उठलं आणि खिडकीपाशी गेलं." हस्तलिखित पाठवताना संपादकाला या ओळीची आगाऊ कल्पना द्या.

विश्वास कमवा, मग तडा द्या

पहिल्या पानापासून भांबावलेल्या निवेदकावर कुणी विश्वास टाकत नाही, आणि टाकलेला नसला तर तो मोडणार कसा? म्हणून निवेदक बारीकसारीक, मोजता येणाऱ्या बाबतीत काटेकोर हवा. हरवलेल्या वहीतल्या दोन वर्षांच्या नोंदी अनघाला तोंडपाठ आहेत: वेळ, ताप, गोळी, पाणी किती मिली. अशा नोंदी दोन-तीन वेळा वाचल्या की वाचक तिच्यावर निर्धास्त होतो.

तडा मात्र वाचकाला पडताळता येईल असा हवा. तिसऱ्या प्रकरणात ती म्हणते, त्या रात्री गाढ झोप लागली होती. चौदाव्या प्रकरणात वही सापडते आणि त्या रात्रीची नोंद दिसते: "२:३०, पाणी १०० मिली, शांत झोप." दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तिथे अनघाला हे जाणवू देऊ नका. ती शाईचा रंग वेगळा असल्याचं टिपते आणि पान उलटते. प्रत्येक मोठ्या नकाराला असे तीन पुरावे पेरा. पहिला सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यात, एखाद्या यादीच्या मधोमध, कारण यादीचं पहिलं आणि शेवटचं नाव लक्षात राहतं आणि मधलं निसटतं. दुसरा मध्यावर, उघड पण दुर्लक्षित. तिसरा उलगड्याच्या थोडा आधी.

फसवणूक कुठे सुरू होते? निवेदकाच्या मनात एखादी गोष्ट ठळकपणे चालू आहे आणि लेखक केवळ धक्क्यासाठी ती लपवतो, तिथे. पात्राने नजर वळवली तर ते वळवणंही पानावर दिसलं पाहिजे. अनघा त्या रात्रीपाशी आली की वाक्य अर्ध्यात सोडते आणि आकड्यांकडे वळते: किती खोकी भरली, किती राहिली. हे दुसऱ्यांदा घडलं की वाचकाला आकड्यांचीच धास्ती वाटू लागते.

आठवणीच्या चुका दाखवताना ढोबळ विस्मरणावर अवलंबून राहू नका. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारताना वेगवेगळी क्रियापदं वापरली. आठवड्याने, फुटलेली काच दिसली होती का, असं विचारलं. काच मुळात नव्हतीच. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण "हो" म्हणाले, जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६. एका शब्दाने आठवणीत वस्तू आणून ठेवली. हे कादंबरीत असं उतरतं: धाकटा भाऊ नंदू फोनवर सहज "हाक" हा शब्द वापरतो, आणि दोन प्रकरणांनंतर अनघाला चमच्याच्या आवाजाआधी अप्पांची हाक आठवू लागते. ती हाक त्या रात्री नव्हती. मागे जाऊन पाहणाऱ्याला शब्द कुठून आला ते सापडतं.

दोन रकाने

साहित्यसमीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याची व्याख्या संभ्रमावर बेतली: घडतंय ते नैसर्गिक की नैसर्गिकापलीकडचं, हे वाचकाला ठरवता येत नाही तोवरच ते अद्भुत. हा संभ्रम आपोआप राहत नाही, त्याचा हिशेब ठेवावा लागतो. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. प्रत्येक विपरीत घटनेसमोर एका रकान्यात मनातलं कारण, दुसऱ्यात "खरंच कुणीतरी आहे" असं धरून कारण.

रात्री टकटक ऐकू येते. मनातलं कारण: शोक. डब्ल्यू. डेवी रीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये वेल्समधल्या, जोडीदार गमावलेल्या २९३ जणांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या; जवळजवळ निम्म्यांना गेलेली व्यक्ती जवळ असल्याचं जाणवलं, दिसलं किंवा ऐकू आलं होतं, आणि बहुतेकांना त्याचा आधार वाटला होता. दुसरा रकाना: अप्पांना अजून तहान आहे. दोन्ही भरले.

झाकलेल्या पेल्यातलं पाणी सकाळी कमी झालेलं. पहिला रकाना: झोपेत उठून ती स्वतःच पिते. दुसरा: सांगायला नको.

सलग तीन घटनांत एक रकाना रिकामा राहिला की तराजू कलला समजा. पहिला रिकामा राहिला तर ती भुताची गोष्ट झाली, दुसरा राहिला तर आजाराची नोंद. कधी कलवायचा, की शेवटपर्यंत कलवायचाच नाही, हे तुम्ही ठरवा. नकळत कलला असं होऊ देऊ नका.

रीस यांच्या निष्कर्षातला आधाराचा भाग लेखकाला फार उपयोगी आहे. पहिली विपरीत घटना घाबरवणारी नको, दिलासा देणारी हवी. टकटक ऐकून अनघाला बरं वाटतं. वाचक मात्र अस्वस्थ होतो, आणि पात्राच्या व वाचकाच्या भावनांमधलं हे अंतर पुढची शंभर पानं ओढून नेतं.

शरीराच्या बाबतीत अचूक राहा. झोपेतून जाग येऊनही हलता न येण्याचा अनुभव काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो, तासभर नाही. आरशात चेहरा बदलताना दाखवायचा तर प्रकाश मंद हवा आणि नजर स्थिर: मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० जणांनी अंधुक उजेडात दहा मिनिटं आरशात पाहिलं आणि जवळपास दोन तृतीयांश जणांना स्वतःचा चेहरा भयंकर विकृत झालेला दिसला. भरउजेडात ओझरतं पाहून असं होत नाही.

बशीचा प्रवास

फ्रॉइड यांनी १९१९ च्या निबंधात एका जर्मन शब्दाचा छडा लावला: "घरगुती, ओळखीचं" असा अर्थ असलेला तोच शब्द "झाकलेलं, लपवलेलं" या अर्थानेही वापरला जातो. म्हणून प्रतिमेसाठी वटवाघूळ, बाहुली, कवटी शोधत बसू नका. रोज हाताळायची, कुणालाही संशय येणार नाही अशी वस्तू घ्या. पाच ओळींमधल्या तिसऱ्या ओळीत ती बहुतेक आधीच असते.

सुमारे ८०,००० शब्दांच्या, तीसेक प्रकरणांच्या कादंबरीत मुख्य प्रतिमा सहा-सात वेळा पुरे. दर वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या प्रकरणात आवराआवरीच्या यादीत मधोमध "काठाचा टवका उडालेली बशी" येते, बस. चौथ्यात अनघा ती पेल्यावर झाकते, "धूळ पडू नये म्हणून". नवव्यात खोली बदलते: बशी झाकलेला पेला तिच्या स्वतःच्या उशाशी आहे, आणि तो तिथे कधी आणला हे ती लिहीत नाही. पंधराव्यात नंदू येतो, तहान लागली म्हणून बशी उचलायला जातो आणि ती त्याचा हात धरते. एकविसाव्यात बशी जागच्या जागी, खालचं पाणी कमी.

सत्ताविसाव्या प्रकरणासाठी काहीच सुचत नसेल तर प्रतिमेलाच विचारा: ही बशी त्या रात्री कुठे होती? उत्तर पहिल्या ओळीत भर घालतं. पेला त्या रात्री भरलेलाच होता. अनघाने निगुतीने झाकलेली बशी अप्पांच्या थरथरत्या हाताला सरकली नाही, म्हणून त्यांनी चमचा वाजवला, आणि तो वाजला बशीच्या काठावर. टवका तिथला आहे. जो आवाज इतके दिवस ती रिकाम्या पेल्याचा समजत होती तो चिनीमातीचा होता. पाणी हाताशी होतं आणि मध्ये तिची काळजी आडवी आली. प्रतिमा सजावटीपुरती असेल तर असं काही हाती लागत नाही. नकाराशी बांधलेली असेल तर ती कथानकच पुढे नेते. हे सापडल्यावर मागे जाऊन पहिल्या प्रकरणात टवका घालायचा. तो आधीपासून होता असं वाचकाला वाटलं पाहिजे.

दोनपेक्षा जास्त मुख्य प्रतिमा घेऊ नका. बशी, आरसा, कावळा, घड्याळ आणि लाल साडी एकाच पुस्तकात आली की वाचक अर्थ लावणं सोडून देतो.

एक परिच्छेद, दोनदा

टकटकीची पहिली रात्र. बहुतेक खर्ड्यांत ती अशी असते:

"अचानक त्या भयाण शांततेत टक टक असा गूढ आवाज घुमला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. काळीज धडधडू लागलं. कोण असेल? अप्पा? छे! अप्पांना जाऊन तर दोन महिने झाले होते!"

इथे वाचकाला करायला काहीच उरलेलं नाही. शांतता भयाण आहे हे सांगितलं, आवाज गूढ आहे हे सांगितलं, काटाही लेखकानेच आणला. शिवाय पात्र स्वतःच शंका घेऊन स्वतःच खोडतं, म्हणजे वाचकाच्या वाट्याचा संभ्रमही संपला. आता दुसऱ्यांदा:

"पावणेतीनला टकटक झाली. रिकाम्या पेल्याचा आवाज उंच येतो, पाणी असलं की खाली उतरतो. हा उंच होता. उठले, तांब्या भरला. दारात आल्यावर कळलं, पायांत चप्पल नाही आणि फरशी गार आहे. कॉटवरची गादी सकाळीच गुंडाळून ठेवली होती. बशी उचलली. पेल्यात पाणी होतं, थोडं वर घातलं. बशी झाकली. नव्या वहीत लिहिलं: २:५०, पाणी १०० मिली."

भीतीचा एक शब्द नाही, उद्गारचिन्ह नाही. दोन वर्षांच्या सरावाचं ज्ञान तिला चुकीच्या निष्कर्षाकडे नेतं, आणि सत्ताविसाव्या प्रकरणाचा पुरावा ("पेल्यात पाणी होतं") तिच्याच हातून नोंदवला जातो. गार फरशी शरीराला जागं करते, गुंडाळलेली गादी तिथे कुणी नसल्याचं सांगते, आणि तरीही कृती पूर्ण होते. वाक्यं आखूड आहेत, पण ती धावत नाहीत. शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांची चाल त्यांना आहे. आखूड वाक्य म्हणजे वेग, असा समज आहे. पात्र शांत असेल तर आखूड वाक्यं थंडही करतात, आणि घाबरलेल्या पात्राला उलट लांब, थांबता न येणारं वाक्य शोभतं.

"अचानक", "भयाण", "गूढ", "थरकाप", "काळीज" हे शब्द हस्तलिखितात शोधा आणि दर वेळी काढून पाहा. दहापैकी नऊ ठिकाणी वाक्य सुधारतं. उरलेलं एक ठेवा.

बाकीची माणसं

शंका घेणारं दुय्यम पात्र बहुधा नुसतं "तुला भास होतोय" म्हणण्यापुरतं येतं. त्यालाही न बघण्याचं स्वतःचं कारण द्या. नंदू दोन वर्षांत चार वेळा आला. ताईने सगळं नीट केलं यावर विश्वास ठेवणं त्याला गरजेचं आहे, नाहीतर आपण का आलो नाही हा प्रश्न उभा राहतो.

"ताई, त्या रात्री अप्पांनी हाक मारली असेल ना गं?"
"नाही रे. शांत झोपले होते."
"तू बघितलंस?"
"वहीत आहे."
"मग झालं."

"वहीत आहे" हे उत्तर नाही, आणि "मग झालं" म्हणणाऱ्यालाही ते माहीत आहे. दोघं मिळून एक गोष्ट झाकतात. भयकादंबरीतले संवाद असे असावेत: विचारलेल्याच्या शेजारचं उत्तर.

एक तरी पात्र असं ठेवा ज्याला एखादी विपरीत गोष्ट स्वतंत्रपणे जाणवते, पण त्याची साक्ष पक्की नसते. लहान मूल हा सवयीचा मार्ग आहे, म्हणून टाळा. सामान न्यायला आलेला माणूस "आत कुणी आजारी आहे का" असं विचारून आवाज खाली करतो, एवढं पुरतं.

जागेबद्दल थोडक्यात. घराचा नकाशा कागदावर काढा, दारं आत उघडतात की बाहेर हे नक्की करा आणि ते कधीही चुकवू नका. घर पक्कं असलं तरच त्यातला एक बदल टोचतो. भावनेनुसार निसर्ग वागवण्याला इंग्रज समीक्षक जॉन रस्किन यांनी १८५६ मध्येच दोष म्हटलं होतं, तेव्हा उलगड्याच्या रात्री वादळ नको. सगळ्यात वाईट प्रसंग सकाळी अकराला, खिडकी उघडी असताना लिहून पाहा.

उलगडा

साधारण ८० टक्क्यांवर ठेवा. त्यानंतर नुसते धागे बांधू नका, कळल्याची किंमत दाखवा. स्पष्टीकरण डॉक्टर, पत्र किंवा डायरीतून येऊ नये. पात्राच्या हातातून यावं. अनघा चमचा घेते आणि आधी रिकाम्या पेल्यावर वाजवते, मग भरलेल्यावर, मग बशीवर. तिसरा आवाज ओळखीचा निघतो. त्यानंतर ते तीन शब्दांचं वाक्य.

पुढे टकटक थांबते की नाही, हे तुमच्या रकान्यांवर ठरेल. थांबली तर ती मनातली होती असं वाचक धरेल. चालूच राहिली तर दुसरा रकाना जड होईल. तिसरी वाट अशी: टकटक चालू राहते आणि अनघा दर वेळी उठते. दोन्ही रकाने भरलेले राहतात, आणि तिच्या आयुष्याचं काय झालं हेही कळतं.

दुसरा खर्डा

चार-सहा आठवडे हस्तलिखित मिटून ठेवा. मग तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकच काम. पहिलीत फक्त वेळापत्रक: प्रत्येक प्रसंगाची तारीख आणि वेळ समासात लिहा, निवेदक चुकला तर चालेल, लेखक चुकता कामा नये. दुसरीत फक्त पुरावे, रंगीत पेन्सिलने. सलग चाळीस पानांवर रंग नसेल तर तिथे कादंबरी झोपली आहे. तिसरी मोठ्याने वाचून. जिथे आवाज आपोआप नाटकी होतो तिथली विशेषणं काढा.

शेवटी दोन वाचक शोधा, एक हा प्रकार आवडीने वाचणारा, एक न वाचणारा. "भीती वाटली का" असं विचारू नका, लोक सौजन्याने हो म्हणतात. विचारा: त्या रात्री २:४० ला काय झालं असं तुम्हाला वाटतं, आणि ते कोणत्या पानावर वाटायला लागलं? दोघांनीही पन्नासाव्या पानाच्या आत अचूक सांगितलं तर पहिला पुरावा यादीत आणखी खोल सरकवा. शेवटच्या पानानंतरही सांगता आलं नाही तर दुसरा पुरावा ठळक करा. आणि दोघांनी वेगवेगळी उत्तरं देऊन आपापली पानं उघडून दाखवली, तर त्या पानांना हात लावू नका.